घरची बेगमी : उळवीच्या वाटेवर

माघ पौर्णिमा जवळ आली की उळवीच्या रस्त्याने जाणाऱ्यास मोटारीचा वेग विसरावा लागतो. पुढे बैलगाड्या असतात. धारवाड-बेळगावकडील शेतकरी घरदार पाठीशी टाकून, बायकामुलांसह, श्रीचन्नबसवेश्वरांच्या जत्रेस निघालेले असतात. बैलांची शिंगे रंगवलेली, गळ्यांत घुंगुरमाळा, गाडीवर कळकाचे छप्पर, आणि गाडीखाली टांगलेला कंदील. आम्ही काळ्या मिरीच्या खरेदीनिमित्त त्या बाजूस गेलो असता अशाच एका रांगेमागे अडकलो, आणि अडकलो म्हणून पाहिले. एरवी व्यापाऱ्याची नजर रस्त्यावरील मालावर पडते, माणसांच्या शिदोरीवर पडत नाही.

उळवी हे उत्तर कानडा जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या दाट अरण्यात वसलेले क्षेत्र. बाराव्या शतकात कल्याणास बंडाळी माजून शरणांची पांगापांग झाली, तेव्हा बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा अनुयायांसह येथे आले व येथेच त्यांनी समाधी घेतली, अशी लिंगायत समाजाची श्रद्धा आहे. (कल्याणचा बिज्जल राजा जैन होता की शैव, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. तो विद्वानांनी आपसांत मिटवावा.) परिसरात गुहा आहेत. त्यांत अक्क नागम्मांची गुहा प्रसिद्ध आहे, आणि एका स्थळास ‘विभूती कणज’ म्हणतात. कानडीत कणज म्हणजे धान्याचे कोठार, आपली कणगीच म्हणा ना. राज्य सोडून रानात आलेल्या लोकांनी विभूतीच्या स्थळासही कोठाराचेच नाव दिले, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटले.

धारवाडाहून उळवी शंभर किलोमीटरांहून अधिक पडते. बैलाच्या चालीने चार-पाच दिवस जावयास व तितकेच परतावयास. एका मुक्कामावर आम्ही एका गाडीवानास विनंती केली व त्याने गाडीतील सामान मोकळ्या मनाने दाखविले. बैलांसाठी कडब्याच्या पेंढ्या आणि पेंड. माणसांसाठी वेताच्या पेटाऱ्यात एकावर एक रचलेल्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची, कारळ्याची व जवसाची अशा तीन चटण्या, डाळ, गूळ, मीठ, तेलाची बुधली. शिवाय दाभण आणि सुतळी, कासऱ्याचा जादा दोर, आखास घालावयाचे वंगण, कुऱ्हाड, दोन घागरी. वाटेत दुकाने लागतात की, असे आम्ही सहज म्हणालो. तो हसला व कानडीत म्हणाला त्याचा भावार्थ असा, की दुकान बंद असले म्हणून जत्रा थांबत नाही.

आम्ही दुकानदार. ते वाक्य आम्हांस लागले.

कडक भाकरीची कृती आमच्यातील सोलापूर-विजापूरकडील भगिनींस सांगावयास नको. ज्वारीचे पीठ कढत पाण्यात मळून, अगदी पातळ थापून, तव्यावर भाजून, नंतर विस्तवाच्या कडेला उभी करून तिच्यातील ओलीचा शेवटचा अंश घालवावयाचा. ओल गेली की बुरशी लागत नाही, आणि भाकरी कित्येक आठवडे टिकते. आपल्या गुजराती व मारवाडी बांधवांचा खाखरा याच तत्त्वावरचा. श्वेतांबर परंपरेत अशा सुक्या पदार्थांस पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० व हिवाळ्यात ३० दिवसांची मर्यादा घातली आहे. कडक नियम पाळणारे दिगंबर व्रती इतके दिवसही धरणार नाहीत. परंतु हवेतील ओलावा जसा वाढेल तशी पदार्थाची मुदत घटते, हे पूर्वजांनी नेमके हेरले होते.

ही जत्रा पाहताना आम्हांस २०१९ सालचा ऑगस्ट आठवला, आणि ती आठवण फारशी अभिमानाची नाही. कृष्णा-पंचगंगेस त्या वर्षी जो महापूर आला त्याने कोल्हापूर-सांगलीच्या पेठा पाण्याखाली घातल्या व पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पाडला. आमच्या घरात पाणी शिरले नाही, परंतु चार बाजूंनी वेढा पडला. वीज गेली. घरात गव्हाची पाच पोती होती. आम्ही धान्याचे व्यापारी, पोत्यांस काय तोटा! पण दळलेले पीठ दोन दिवसांचे होते. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची, म्हणून आमच्याकडे पीठ थोडथोडेच दळून येते. गिरणी विजेवर चालणारी, ती बंद. आजीच्या वेळचे जाते होते, पण त्याची वरची तळी परसात जास्वंदीच्या कुंडीखाली, खालची कोठे गेली कोणास ठाऊक, आणि खुंटा तर कधीच जळणात गेलेला. तिसऱ्या दिवसापासून पाच पोत्यांच्या धन्याने सकाळ-संध्याकाळ गव्हाच्या घुगऱ्या खाल्ल्या. मुलांनी पहिल्या दिवशी मजा मानली, दुसऱ्या दिवशी मानली नाही. गॅसची टाकी संपत आली तेव्हा घुगऱ्याही मोजून शिजवाव्या लागल्या.

सांगण्याचा मुद्दा असा की आमच्याकडे माल होता, विद्या नव्हती.

आपल्या मागच्या पिढ्यांनी कठीण काळ पाहिला नाही असे नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ याच कर्नाटकाच्या पठारावर, विशेषतः त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यात, अत्यंत भयंकर होता. सरकारी कामावर दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा अशी मजुरी रिचर्ड टेंपल साहेबांनी ठरविली, ती इतिहासात त्यांच्याच नावाने कुप्रसिद्ध आहे. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईस रेशनिंग सुरू झाले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि ते घराघरांत पाळले गेले. उणोदरीचे तप जाणणाऱ्या समाजास त्यात नवे काही नव्हते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात परदेशची लाल मिलो ज्वारी आली व कामावरच्या मजुरांस सुकडी वाटली गेली. वडीलधाऱ्यांस त्या भाकरीचा रंग अद्याप आठवतो. आणि २४ मार्च २०२० च्या रात्री, टाळेबंदी जाहीर होताच, आमच्या पेठेतील किराणा दुकानांवर जी झुंबड उडाली ती तर आपण सर्वांनी गल्ल्यावर बसून पाहिली आहे. त्या रात्री प्रथम काय संपले? पिठाच्या पिशव्या, बिस्किटे, तयार शेवया. अखंड गहू, ज्वारी, नाचणी यांच्या पोत्यांस कोणी हात लावला नाही. ग्राहकासही आमच्याप्रमाणेच धान्याचे अन्न करता येईनासे झाले होते.

उळवीच्या परिसरात मात्र ही विद्या जिवंत आहे, आणि ती प्रामुख्याने कुणबी समाजाकडे आहे. गोव्यातील पोर्तुगीज अमलाच्या जाचास कंटाळून आपले वाडवडील घाट चढून या रानात आले, असे ते सांगतात. भाषा कोंकणी, शेती भाताची व नाचणीची, आणि परसात कंद. हे कंद म्हणजे त्यांच्या घरची खरी ठेव. कोनफळ, करांदे, काटेरी वेलाची कणगरे, मोठ्या अळवाच्या जातीची मुडली, सुरण, रताळी असे एकेका परसात कितीतरी प्रकार लावलेले असतात. अलीकडच्या वर्षांत जोयडा येथे कुणबी समाजाच्या वतीने कंदांचा मेळाही भरू लागला आहे. तेथे एकेक माणूस दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा कंद घेऊन उभा असतो, व भोवती शहरातून आलेले लोक त्याची छायाचित्रे घेतात.

एका कुणबी आजींच्या परसात आम्ही घटकाभर बसलो. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर लावणी, पावसाळाभर वेल मांडवावर किंवा झाडावर चढतो, कार्तिक-मार्गशीर्षात पाने पिवळी पडून वेल वाळतो, म्हणजे खाली कंद तयार झाला. पुढे लागेल तसा खणावयाचा. सगळा एकदम काढीत नाहीत. काढलेल्यातील बियाण्याचे तुकडे निवडून, राख लावून, सावलीत वाऱ्यावर ठेवतात. एखाद्या घरचे बियाणे गेले तर शेजारचे घर देते, आणि त्याचा हिशेब ठेवीत नाहीत. हे शेवटचे ऐकून आम्ही जरा अस्वस्थ झालो, कारण हिशेब न ठेवणे आमच्या रक्तात नाही. कडू करांदे असतील तर चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडावे लागतात व वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा काढावा लागतो. ज्याला ती कृती ठाऊक नाही त्याने रानातील कंदाला हात लावू नये, असे त्यांनी आम्हांस दोनदा बजावले.

“सावकार, तांदूळ संपत आला की कणगी रिकामी दिसते,” आजी म्हणाल्या. “भुई रिकामी दिसत नाही.”

रानडुकराचे काय, असे आम्ही विचारले. त्यावर त्यांनी कपाळास हात लावला. ठेव म्हटली की चोर आलाच. तो पोत्यास उंदराच्या रूपाने येतो, भुईस डुकराच्या रूपाने.

आता वाचकांपैकी कित्येकांच्या कपाळास आठी पडली असेल. कंद! वर त्या भागातील दुसरी प्रसिद्ध वस्तू म्हणजे मध. कंदमूळ अनंतकाय, एका देहात अनंत जीव, उपटताना मातीतील जीवांचीही हिंसा. मध तर मद्य-मांसाच्या पंक्तीतला, मूलगुणांतच वर्ज्य केलेला. म्हणजे या रानाने संकटासाठी राखलेल्या दोन मोठ्या वस्तू आम्हांस निषिद्ध. आजींनी उकडलेल्या कणगराची ताटली पुढे केली तेव्हा आम्ही हात जोडले व कारण सांगितले. त्यांनी मनास लावून घेतले नाही. आत जाऊन त्यांनी गूळ आणि पाणी आणले, पाणी आमच्यासमोर फडक्याने गाळले, व विचारले, “मग तुमच्या घरी वाईट वर्षी काय खातात?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे चटकन देता आले नाही. परतीच्या वाटेवर व नंतरही आम्ही त्याचा विचार केला. कंद आमच्या कामाचा नाही, पण कंदामागची रीत आमच्या कामाची आहे. त्या आजींची भिस्त एका वस्तूवर नव्हती. भात गेला तर नाचणी, नाचणी गेली तर एक कंद, तो सडला तर दुसरा. एकाच वेळी सगळे पिकत नाही, म्हणून एकाच वेळी सगळे संपतही नाही. आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती राखण्याची, शिजविण्याची, तिचा दोष काढण्याची कृती घरातील दोन-तीन माणसांस तरी अवगत होती. आमच्या घरात धान्याचे भाव चौघांस तोंडपाठ होते आणि दळणे एकासही येत नव्हते.

आमच्या दृष्टीने त्या भागातील घेण्याजोगी वस्तू म्हणजे नाचणी. नीट वाळविलेली नाचणी वर्षानुवर्षे टिकते. दाणाच इतका बारीक की सोंड्या-टोक्यांस आत घर करावयास जागा नाही. कीड मारावी लागू नये म्हणून कीड न लागणारे धान्य ठेवावे, याहून अहिंसेस अनुकूल बेगमी कोणती? शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक चुना असतो, तांदळात त्याचा नाममात्र अंश. असे असून आपल्या पेठेत नाचणी ‘गरिबाचे धान्य’ म्हणून मागल्या रांगेत ठेवतात, आणि अलीकडे तीच आकर्षक डब्यात भरून पुढल्या रांगेत चौपट भावाने विकतात. या उलाढालीत आम्हीही सामील आहोत, हे कबूल केले पाहिजे.

त्या भागातील फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत लडबडवून, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. मातीच्या लेपाने आतील ओल टिकते व कीड दूर राहते. फणसाविषयी मात्र आपल्या घराघरांतील रीत निराळी आहे, ज्याने त्याने आपल्या गुरूंस विचारावे. आमसुले, आंब्याची साठे, उकडा तांदूळ यांविषयी तसा प्रश्न येत नाही. साळ उकडून, वाळवून मग कांडली की तांदूळ कमी तुटतो व अधिक टिकतो. पावसाळी मुलखातील लोकांनी ही कृती उगाच धरून ठेवलेली नाही.

आजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातच होते, आणि ते विसरल्याची खंत आम्हांस अधिक वाटते. चातुर्मास म्हणजे काय? धर्मदृष्ट्या तो संयमाचा काळ. पण गृहिणीच्या दृष्टीने तो दरवर्षी येणारा, तिथीसकट आधी कळणारा कठीण काळच होता. चार महिने पालेभाजी नाही, पर्वतिथीस हिरवे काहीच नाही, वाटा बंद, नद्यांस पूर. म्हणून चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवण पडे. सांडगे, पापड, मुगवड्या, सुकविलेल्या गवार-भेंडी, मारवाडी घरांत केर-सांगरी. अष्टमी-चतुर्दशीस ज्या घरात हिरवी भाजी नसतानाही ताट भरलेले दिसे, त्या घराने टाळेबंदीतले पहिले दोन महिने डोळे झाकून काढले असते. आपल्या आजी-पणजी दरवर्षी संकटाची रंगीत तालीम करीत होत्या आणि आपण तिला सणावाराचा भाग समजत होतो.

पाण्याचेही तसेच. पाणी गाळण्याचे वस्त्र छत्तीस अंगुळे लांब व चोवीस अंगुळे रुंद, दुहेरी व घट्ट विणीचे असावे, गाळलेले पाणी एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे वापरावे, उकळलेले चोवीस तास, आणि गाळण्यातील जीवाणी पुन्हा मूळ जलाशयात नेऊन सोडावी, हे सर्व आपण पाठ म्हणतो. बांगलादेशातील मतलब भागात अमेरिकेच्या रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या अनेक घड्या करून त्यांतून पाणी गाळावयास गावकऱ्यांस शिकविले, तेव्हा पटकीचे रोगी सुमारे निम्म्याने घटल्याचे त्यांना आढळले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांस चिकटून राहतात, ते जीव घडीच्या कापडात अडकतात. तथापि निम्मे म्हणजे सर्व नव्हे. पुराच्या दिवसांत नुसत्या गाळण्यावर विसंबू नये, पाणी खळखळून उकळलेच पाहिजे. आणि उकळावयाचे तर जळण हवे. म्हणजे पाण्याची बेगमी ही शेवटी चुलीची बेगमी आहे. गॅस नसताना पेटविता येईल अशी एखादी शेगडी, कोरडा कोळसा वा पडताळून, कीड-मुंगी नाही असे पाहून रचलेली लाकडे, हे ज्या घरात नाही त्या घराने पाण्याचा नियम किती दिवस पाळता येईल याचा विचार करावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरास दिव्याचे तेल कमी लागते, ही आपली एक जमेची बाजू.

पिठाचा नियम वर आलाच आहे. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. ज्या घरास हा नियम पाळावयाचा आहे त्या घरास पिठाचा साठा करताच येत नाही, धान्याचाच करावा लागतो. आणि धान्य ठेवले की जाते आले. आमच्या मते आज जैन घरात हातचे जाते नसणे ही गैरसोय नव्हे, नियमातली उणीव आहे. हे मत सर्वांस पटेल असे नाही.

धान्य ठेवण्याविषयी व्यापाऱ्यांस काय सांगावे! परंतु गोदामातील व घरातील ठेवण एक नव्हे. गोदामात औषधी गोळ्या चालतात, घरात त्या नकोत, आणि नियमाने तर मुळीच नकोत. वैशाखातल्या कडक उन्हात धान्य तीन-चार दिवस वाळवावे. दाणा दाताखाली धरला असता चेपू नये, कटकन तुटावा. तापलेले धान्य तसेच डब्यात भरू नये. रात्रभर निवू द्यावे, नाहीतर डब्याच्या झाकणास घाम येऊन सगळे कष्ट वाया जातात. डाळीस व गव्हास एरंडेलाचा हात, किलोस चमचाभर. मुगास चाळलेली कोरडी राख. ज्वारीत कडुनिंबाचा वाळलेला पाला. डबे भिंतीपासून वीतभर दूर व फळीवर, आणि नदीकाठच्या गावी माडीवर. २०१९ मध्ये किती पेढ्यांचे धान्य खालच्या मजल्यावर भिजले आणि त्याबरोबर खतावण्याही भिजल्या, हे स्मरून ही सूचना केली आहे. औषधे, थोडी रोकड व घराची कागदपत्रे यांचा एक डबाही तेथेच असावा.

किती ठेवावे? मोठ्या माणसास दिवसास सुमारे ४०० ग्रॅम धान्य व ७५ ग्रॅम डाळ धरली तर पाच माणसांच्या घरास दिवसाला दोन किलो धान्य लागते. चातुर्मासाच्या १२० दिवसांचे २४० किलो धान्य व ४५ किलो डाळ. पाच पोत्यांच्या आतला हा हिशेब आहे. यापेक्षा अधिक ठेवणाऱ्याने आपण कशासाठी ठेवतो हे स्वतःस विचारावे.

कारण येथे एक नाजूक गोष्ट आहे आणि आपल्या या स्मरणिकेत ती आपणच बोलली पाहिजे. व्यापाऱ्याने ‘कठीण काळासाठी साठा’ असे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात दुसराच अर्थ उभा राहतो, आणि तो सर्वस्वी निराधार नसतो. १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा काही हवेतून आला नाही. बेगमी आणि साठेबाजी यांत फरक कोणता? आमच्या समजुतीप्रमाणे फरक वेळेचा आहे. सुगीत, बाजार भरलेला असताना, भाव उतरलेले असताना घेतलेले धान्य कोणाच्या ताटातून ओढलेले नसते. उलट त्या वेळी चार पोती घेणारा शेतकऱ्याचा भाव सावरतो. तेच धान्य टंचाईची बातमी फुटल्यावर घेतले तर एकेक पोते दुसऱ्याच्या तोंडचा घास आहे. २०२० च्या त्या रात्री जे झाले ती बेगमी नव्हती. ज्यांनी वैशाखात घर भरले होते ते त्या रात्री रांगेत नव्हते, आणि त्यांच्या वाटची जागा दुसऱ्यास मिळाली. परिग्रह-परिमाण व्रतात जी मर्यादा आपण स्वतः बांधून घेतो ती धान्याच्या कोठीसही लागू आहे.

कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहाची कथा आपल्या मुलांस ठाऊक असावयास हवी. तेराव्या शतकाच्या मध्यास, विक्रम संवत १३१३ ते १५ या काळात पडलेल्या दुष्काळात या जैन व्यापाऱ्याने आपली कोठारे खुली केली. त्याचे चरित्र सर्वानंदांनी संस्कृतात लिहिले आहे. कोठारांतील ते धान्य आधीपासूनच गरिबांच्या नावे ठेवलेले होते व तसा लेख ताम्रपटावर केला होता, असे त्यात सांगितले आहे. मोठमोठ्या राजांसही त्याने धान्य पुरविले, ही बढाई चरित्रकाराची असेल. आम्हांस त्या ताम्रपटाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. दुष्काळ आल्यावर दान देणारे पुष्कळ असतात. भाव चढणार हे दिसत असताना, आपलाच माल आपल्याला विकता येऊ नये म्हणून आधी हात बांधून घेणारा व्यापारी विरळा.

उळवीहून परतल्यावर आम्ही घरात विषय काढला. सूनबाईंनी प्रथम विचारले, “हे सगळे करायचे कोणी?” प्रश्न योग्य होता. बेगमीचे गोडवे पुरुषांनी गावे आणि उन्हात गच्चीवर बायकांनी वाळवण राखावे, ही जुनी वाटणी पुन्हा आणण्यात काही अर्थ नाही. आमच्या घरात ठरले ते असे : धान्य वाळविणे व भरणे पुरुषांकडे, दळण आळीपाळीने, वाळवणाचे पदार्थ सासूबाईंकडून दोन्ही नातवंडांनी, मुलगा-मुलगी असा भेद न करता, शिकावयाचे. पर्युषणाआधीच्या एका आठवड्यात दोन दिवस वीज व गॅस न वापरता घर चालवून पाहावयाचे. पहिल्या वर्षी दुपारपर्यंतच निभावले, कारण शेगडी पेटेना. कोळसा दमट निघाला. दुसऱ्या वर्षी पूर्ण दिवस गेला. आपल्या मंडळाच्या भगिनी शाखेने वाळवणाचे व जात्याचे वर्ग उन्हाळी सुटीत घ्यावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. वर्गास बंधूंसही प्रवेश असावा, हे त्या सूचनेत स्पष्ट लिहिले आहे.

जात्याची खालची तळी अखेर जुन्या गोठ्याच्या उंबऱ्याशी, पायरी म्हणून बसविलेली सापडली. वरची कुंडीखालून काढली. दोन्ही घासून गुळगुळीत झालेल्या. टाकी लावणारा माणूस गावात मिळेना. तीन बाजार हिंडल्यावर एक वृद्ध कारागीर भेटला. त्याने अंगणात बसून सकाळभर छिन्नीने टाके पाडले, बाभळीचा खुंटा ठोकून दिला, आणि पैसे घेताना सांगितले की वर्षाने पुन्हा बोलवा, जगलो तर येईन. त्याच्याकडून नातवाने टाकी कशी धरावयाची ते पाहून घेतले आहे. पहिले दळण कोंड्याचे काढून टाकून दिले, त्यात दगडाची कच होती. दुसरे दळण उळवीकडून आणलेल्या नाचणीचे. सूनबाई व आम्ही समोरासमोर बसलो, अर्ध्या तासात शेरभर पीठ निघाले आणि आमचा खांदा दुखू लागला. पीठ जरा भरड होते. भाकरी मात्र चांगली झाली.